‘बरी आहेस ना?’ या प्रश्नातला ‘ना’

प्रश्न (पत्राचा सारांश): पत्रलेखक तिशीतले गृहस्थ आहेत. त्यांचे पहिले बाळ चार महिन्यांचे आहे, बाळाची प्रकृती उत्तम आहे आणि मदतीला त्यांची आई घरी राहते आहे. पत्नी मात्र पहिल्यासारखी राहिलेली नाही, असे ते लिहितात. पाहुण्यांसमोर ती हसून बोलते आणि पाहुणे गेले की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. बाळ झोपले तरी तिला झोप लागत नाही. रात्रीतून पाच-सहा वेळा उठून ती बाळाचा श्वास चालू आहे की नाही ते पाहते. बाळाला आंघोळ घालणे तिने दीड महिन्यापासून सोडले आहे आणि ‘आईंना छान जमतं’ एवढेच कारण ती देते. विचारले तर ‘मी बरी आहे’ म्हणते. ‘आम्हीही मुलं वाढवली, तेव्हा रडायला वेळ कुणाला होता? सहा महिन्यांत होईल सगळं नीट,’ असे पत्रलेखकाच्या आईचे म्हणणे आहे. घरात काही कमी नसताना असे का व्हावे, हे पत्रलेखकाला समजत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले तर पत्नी दुखावेल, शिवाय ती बाळाला अंगावर पाजत असल्याने औषधे घेता येणारच नाहीत, अशी त्यांची समजूत आहे. सहा महिने होईपर्यंत थांबावे, की तिच्या मनाविरुद्ध डॉक्टरांकडे न्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्रात आणखी दोन वाक्ये आहेत. एक त्यांनी कंसात लिहिले आहे: ‘(परवा चिडून म्हणाली, मी नसले तरी तुम्हा दोघांचं नीट चालेल.)’ दुसरे अगदी शेवटी आहे: ‘हल्ली मी ऑफिसातून उशिराच निघतो, कारण घरी गेल्यावर काय करावे ते सुचत नाही.’

उत्तर:

तुमच्या पत्राला मी कंसातल्या वाक्यापासून उत्तर देणार आहे, कारण ते वाक्य कंसात ठेवण्यासारखे नाही. ‘मी नसले तरी चालेल’ हे माणूस कधी निव्वळ वैतागून म्हणते, कधी गंभीरपणे म्हणते, आणि यांपैकी कोणते खरे आहे हे तुम्ही किंवा मी अंदाजाने ठरवू शकत नाही. ते तिलाच विचारावे लागेल आणि आजच विचारावे लागेल. बाळ झोपलेले असेल आणि खोलीत दुसरे कुणी नसेल अशा वेळी तिच्याजवळ बसा आणि आडवळण न घेता विचारा: ‘परवा तू जे म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाहीये. तुला जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं कधी मनात येतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी स्पष्ट विचारले म्हणून अनेकांना मोकळे वाटते. तिचे उत्तर ‘हो’ असेल, ती उत्तर टाळत असेल, किंवा कसे करायचे याचाही विचार तिने केलेला असेल, तर तिला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि इजा करता येईल अशा वस्तू तिच्या हाताशी राहणार नाहीत असे पाहा आणि त्याच दिवशी तिला घेऊन रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. त्या परिस्थितीत तुमच्या मूळ प्रश्नातला ‘थांबावे का’ हा भाग उरतच नाही.

आता तिच्या ‘मी बरी आहे’ या उत्तराविषयी. तुम्ही तिला काय विचारता, ते पत्रात शब्दशः दिले आहे: ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नाच्या शेवटी जो ‘ना’ आहे, त्याच्याकडे जरा नीट पाहा. मराठीत हा ‘ना’ आला की प्रश्न विचारणाऱ्याला कोणते उत्तर हवे आहे ते आधीच कळून जाते. ‘जेवलास ना?’, ‘पोचलीस ना?’ असे विचारणारा माणूस होकाराची वाट पाहत असतो, आणि आधीच थकलेल्या माणसाला त्याच्या अपेक्षेविरुद्ध बोलायचे बळ नसते. तुमचा हेतू प्रेमाचा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तिने ‘नाही’ म्हटले तर तुमचा जीव घाबरा होईल, हे तिला त्या एका अक्षरातून ऐकू येते आणि ती तुम्हाला सांभाळून घेते. ‘ना’ काढून टाका. शक्यतो असे विचारा की ज्याला हो-नाहीत उत्तर देता येणार नाही: ‘काल रात्री बाळ झोपल्यावर तू काय करत होतीस?’, ‘दिवसातली कोणती वेळ सगळ्यात जड जाते?’ आणि मग उत्तराला वेळ द्या. पहिल्या दोन मिनिटांत काहीच आले नाही तरी उठून जाऊ नका.

बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का, हा एक प्रश्न तर मी प्रत्येक नव्या आईला विचारावा अशा मताची आहे. रात्रीची जागरणे सगळ्यांनाच असतात, त्यामुळे थकवा हे काही लक्षण म्हणता येत नाही; परंतु बाळ शांत झोपले आहे, दुसरे कुणी लक्ष ठेवायला आहे, शरीर मोडून आले आहे आणि तरीही डोळा लागत नाही, ही गोष्ट निराळी आहे. तुमच्या पत्रात तेच लिहिले आहे.

पहिल्या काही दिवसांतली रडारड आणि ही अवस्था यांत गल्लत होऊ देऊ नका. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी विनाकारण डोळे भरून येणे, चिडचिड होणे, भीती वाटणे हे अर्ध्याहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत घडते आणि साधारण पंधरा दिवसांत ओसरते. वार पडल्यावर शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी काही दिवसांत एकदम खाली येते, त्याच्याशी या चढउतारांचा संबंध जोडला जातो. तुमच्या बाळाला चार महिने झाले आहेत. आईंनी सांगितलेल्या सहा महिन्यांच्या मुदतीला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. प्रसूतीनंतरचे नैराश्य उपचारांविना वर्षभर किंवा त्याहूनही अधिक रेंगाळू शकते, आणि त्या काळात बाळही तिच्याच सहवासात वाढत असते.

‘घरात काही कमी नसताना’ हा शब्दप्रयोग तुम्ही दोनदा केला आहे. त्यामागे अशी समजूत आहे की दुःखाला कारण लागते आणि कारण नसेल तर दुःख खोटे. पण रक्त कमी झालेल्या माणसाला आपण ‘घरात एवढं सगळं असताना रक्त कमी कसं झालं?’ असे विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना आणि नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, त्यातही मुख्यतः नैराश्याला, सामोरे जावे लागते. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ आणि १९.८ टक्के इतके आहे. पैशांची चणचण, घरातला छळ, एकटेपणा यांनी धोका वाढतो हे खरे आहे. मात्र पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलेले असणे, बाळंतपणात जिवावर बेतलेले असणे किंवा गरोदरपणातच मन खचलेले असणे, ही कारणे भरल्या घरातही असू शकतात. तिचे सातव्या-आठव्या महिन्यातले दिवस आठवून पाहा. पुष्कळदा या आजाराची सुरुवात बाळंतपणाच्या आधीच झालेली असते आणि ‘पोटुशी आहे, होतंच असं’ म्हणून ती सगळ्यांच्या नजरेतून सुटते.

तुमच्या आईंना हे आजकालचे खूळ वाटत असेल, तर एक गोष्ट त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही. लुई व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरांनी गर्भवती आणि बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो १८५८ साली. मात्र त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका. ‘रडायला वेळ कुणाला होता?’ हे वाक्य मला कठोर वाटले नाही, मला ते उदास वाटले. रडू येत नव्हते असे त्या म्हणत नाहीत. वेळ नव्हता असे म्हणतात. एखाद्या दुपारी त्यांना विचारा, की तुमच्या जन्मानंतरचे पहिले चार महिने त्यांनी कसे काढले, रात्री कोण उठत असे, त्यांच्याजवळ कोण बसत असे. असे झाले, तर तुमच्या पत्नीला आपली बाजू समजणारे माणूस त्यांच्यातच सापडेल. नाहीच सापडले, तर निदान त्यांनी तिच्यासमोर ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्ये बोलू नयेत, एवढे त्यांना मुलगा म्हणून तुम्हीच सांगायला हवे. ते काम सुनेवर टाकू नका.

आंघोळीचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे. मला तो महत्त्वाचा वाटतो. बाळाची इतकी काळजी करणारी आई त्याला आंघोळ घालायचे का सोडते? याची उत्तरे अनेक असू शकतात आणि पत्रावरून निदान करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. परंतु एक शक्यता तुम्हाला माहीत असावी. बाळ हातातून निसटेल, पाण्यात बुडेल, आपल्याच हातून त्याला काही होईल, असे भयंकर विचार किंवा चित्रे अनेक नव्या आयांच्या मनात आपणहून येतात. आपल्याच हातून बाळाला इजा होईल असा नकोसा विचार येऊन गेल्याचे, नीट विश्वासात घेऊन विचारले तर, जवळपास निम्म्या आया मान्य करतात. बहुतेकींच्या बाबतीत तो येतो आणि जातो. काहींच्या मनात मात्र तो रुतून बसतो. मग त्या पाण्यापासून, जिन्यापासून, स्वयंपाकघरातल्या सुरीपासून बाळाला दूर ठेवू लागतात आणि हळूहळू स्वतःलाच बाळापासून दूर ठेवतात. या विचारांत इच्छेचा लवलेशही नसतो; ती आई त्यांना घाबरते म्हणूनच बाजूला होते. आणि हे कुणाला सांगितले तर आपल्याला वेडी ठरवून बाळ काढून घेतील, या धास्तीने ती गप्प राहते. ‘बाळाला आंघोळ घालताना भलतेसलते विचार येऊन काही आया घाबरून जातात, असं मी वाचलं. तुलाही तसं होतं का?’ असे तुम्हीच आधी म्हणालात, तर कबुलीचे अर्धे ओझे तुम्ही उचललेले असेल.

याहून अगदी वेगळी आणि दुर्मीळ अशी एक अवस्था आहे, ती इथे सांगणे भाग आहे. दर हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन स्त्रियांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, तीव्र मनोविकार होतो, ज्याला प्रसूतीपश्चात सायकोसिस म्हणतात. अजिबात न झोपताही अंगात विलक्षण चैतन्य असणे, असंबद्ध बोलणे, कुणी नसताना आवाज ऐकू येणे, जवळच्या माणसांवर संशय घेणे, बाळात काही दैवी किंवा अशुभ शक्ती आहे अशी खात्री वाटणे ही त्याची चिन्हे आहेत. इथे तिला स्वतःच्या विचारांची भीती वाटत नाही, ते खरेच वाटतात. यात काही तासांचाही विलंब करू नये. बायपोलर आजार (ज्यात अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके आलटून पालटून येतात) असलेल्या किंवा आधीच्या बाळंतपणात असे होऊन गेलेल्या स्त्रियांना याचा धोका पुष्कळच जास्त असतो, म्हणून त्यांनी गरोदरपणातच डॉक्टरांबरोबर याची आखणी करून ठेवायला हवी. तुम्ही वर्णन केलेले तसे दिसत नाही, तरीही ही चिन्हे लक्षात असू द्या.

‘थांबावे की मनाविरुद्ध न्यावे’ असे दोनच रस्ते तुम्ही स्वतःपुढे ठेवले आहेत. जिवाला धोका नसेल, तर तिसरा रस्ता मोकळा आहे. मानसोपचारतज्ज्ञाच्या दारापासूनच सुरुवात करायला हवी असे नाही. जिने बाळंतपण केले ती डॉक्टर किंवा बाळाला लस देणारे डॉक्टर तिच्या ओळखीचे आहेत, त्यांच्यापाशी आधी बोलता येईल. तिला ‘तुला दाखवायला नेतो’ असे म्हणू नका. ‘तुझी झोप उडाली आहे, त्याचं कारण शोधू या’ असे म्हणा, कारण ते खरेही आहे आणि तिला पटण्यासारखेही. डॉक्टरांनी रक्ततपासणी करून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहणे आवश्यक आहे, कारण बाळंतपणानंतर थायरॉइडचे काम बिघडले तर त्याची लक्षणे नैराश्यासारखी दिसू शकतात. जाण्याआधी दोन आठवड्यांतल्या गोष्टी तारखांसह एका कागदावर उतरवा: किती तास झोप, किती खाणे, केव्हा रडू आले, काय म्हणाली. तो कागद तिच्यापासून लपवू नका. तिच्या शेजारी बसून, तिला विचारून लिहिलेला कागद डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो आणि आपल्यामागे कारस्थान चालले आहे असे तिला वाटत नाही.

डॉक्टर तिला बहुधा एक छोटी प्रश्नावली देतील. एडिनबरो प्रश्नावली या नावाने ओळखली जाणारी ही दहा प्रश्नांची पट्टी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि आज अनेक भाषांत वापरली जाते. तिच्यात मागच्या सात दिवसांविषयी विचारलेले असते आणि प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात. मला तिचा पहिला प्रश्न फार आवडतो. तो रडण्याबद्दल नाही. गमतीच्या गोष्टींवर पूर्वीसारखे हसू येते का, असा आहे. पाहुण्यांसमोर हसणाऱ्या तुमच्या पत्नीला हा प्रश्न एकांतात विचारला गेला, तर ती काय उत्तर देईल? एकूण ३० पैकी १३ किंवा अधिक गुण आले तर नैराश्य असण्याची शक्यता मोठी मानतात, काही ठिकाणी १० गुणांनाच पुढची तपासणी करतात. ही चाळणी आहे, निदान डॉक्टरांनीच करायचे असते. मात्र शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे आणि तिथे शून्य सोडून कोणतेही उत्तर आले तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, त्याची दखल त्याच दिवशी घ्यावी लागते.

औषधांबद्दलची तुमची समजूत अर्धवट आहे. अंगावर पाजताना कोणतेच औषध चालत नाही, असे नाही. उदाहरणार्थ सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाचा फार थोडा अंश दुधात उतरतो आणि म्हणून स्तनदा मातांसाठी डॉक्टर बरेचदा त्याचा विचार करतात. सगळीच औषधे इतकी निर्धोक नसतात, म्हणून निवड डॉक्टरांची. हे पत्र वाचणाऱ्या ज्या स्त्रिया आधीपासून अशी औषधे घेत आहेत आणि आता त्यांना दिवस गेले आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की घाबरून जाऊन गोळ्या एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. कोणते औषध चालू ठेवायचे आणि कोणते बदलायचे (बायपोलर आजारात दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे गरोदरपणात टाळायचेच औषध आहे), हे ठरवणे त्यांचे काम आहे.

शिवाय सौम्य आणि मध्यम नैराश्यात नुसत्या संवादोपचारानेही पुष्कळ फरक पडतो, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असेही नाही. पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या ग्रामीण भागात झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. गावातल्या आरोग्यसेविकांना, ज्या मानसोपचारातल्या नव्हत्या, विचारांची दिशा बदलण्याच्या उपचारपद्धतीचे सोपे प्रशिक्षण दिले गेले आणि त्या नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या घरी गरोदरपणापासून ठरलेल्या भेटी देऊ लागल्या. बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा या स्त्रियांपैकी २३ टक्के अजून नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे सेविका तितक्याच वेळा जात पण हे प्रशिक्षण त्यांना नव्हते, त्या गटात हे प्रमाण ५३ टक्के होते. त्या सेविका घरातल्या इतर माणसांनाही बोलण्यात सामील करून घेत. म्हणजे तुमच्या घरी तुम्ही आणि तुमच्या आई या उपचाराच्या बाहेरचे नाही.

आता घरी काय करायचे ते. ‘काही मदत लागली तर सांग’ हे वाक्य बंद करा, कारण काम शोधणे, ते वाटून देणे आणि झाले की नाही ते पाहणे हे सगळे पुन्हा तिच्याच डोक्यावर येते. एक काम मुळापासून तुमचे करा आणि ते रात्रीचे असू द्या. सलग चार-पाच तासांची झोप हे या आजारात औषधाच्या खालोखाल महत्त्वाचे आहे. रात्री नऊला तिने पाजले की बाळ तुमच्या ताब्यात. मधल्या एका वेळेला काढून ठेवलेले दूध तुम्ही पाजा, तेही जमत नसेल तर बाळाला तिच्याजवळ नेणे, परत आणणे, दुपटे बदलणे, थोपटणे हे तुम्ही करा, आणि ती दुसऱ्या खोलीत दार लावून झोपू दे. बाळाचा श्वास पाहायला ती उठेल. तिला हसू नका, ‘उगाच काय’ म्हणू नका; ‘मी जागा आहे, मी पाहतो आहे’ एवढे सांगा, आणि खरोखर जागे राहा. पाहुण्यांच्या भेटी काही आठवडे तुम्हीच आटोक्यात आणा. प्रसूतीच्या दिवशी आपण सगळे ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत’ असे कळवतो. आठवड्याभरात त्या वाक्यातली बाळंतीण गळून पडते आणि येणारा प्रत्येक जण फक्त बाळ कसे आहे ते विचारतो. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी दोघांनी जरी आधी तिची चौकशी केली, तरी तिला हसण्याचे सोंग थोडे कमी करावे लागेल.

शेवटी तुमच्या त्या शेवटच्या वाक्याकडे येते, जे तुम्ही सहीच्या आधी घाईने लिहून टाकले आहे. ऑफिसातून उशिरा निघणे हा माझ्या मते आळस नाही आणि बेजबाबदारपणाही नाही. घरी पाऊल टाकल्यावर आपल्याला काहीच येत नाही असे वाटणे, चिडचिड होणे, कामात तोंड खुपसून बसणे, कुणाशी बोलावेसे न वाटणे, हे पुरुषांच्या नैराश्याचे नेहमीचे चेहरे आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पत्नीच्या गरोदरपणापासून मूल वर्षाचे होईपर्यंतच्या काळात सुमारे १० टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळले होते, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना ते सर्वांत जास्त होते. पत्नी आजारी असेल तर नवऱ्यालाही तो होण्याची शक्यता वाढते. तुम्ही चार महिन्यांत तिला कितीतरी वेळा ‘बरी आहेस ना’ विचारले. तुम्हाला कुणी एकदा तरी विचारले का? एडिनबरो प्रश्नावली वडिलांसाठीही वापरतात, फक्त गुणांची मर्यादा त्यांच्यासाठी थोडी खाली धरतात. तेव्हा डॉक्टरांची वेळ घेताना ती दोघांच्या नावाने घ्या, आणि तिच्या हातात तो कागद येईल तेव्हा आणखी एक प्रत मागून घेऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तुम्हीही भरा.